बांधणीची अवजारे आणि त्यांचे राखणदार



व्याख्यानमालेत इतिहास ऐकावयाचा तो बहुधा राजांचा, लढायांचा, किंवा फार तर शोधांचा. शोध लागला, त्याचे साल आणि शोधकाचे नाव ग्रंथात गेले, की ते प्रकरण तेथेच संपते. परंतु शोध लागल्यानंतर ती वस्तू वर्षानुवर्षे चालती ठेवावी लागते. झिजले ते बदलावे लागते, मोडले ते सांधावे लागते, आणि हे करताना जे लोक त्या वस्तूवर विसंबून आहेत त्यांचे काम अडू द्यावयाचे नसते. या कामाचा इतिहास फारसा कोणी लिहीत नाही. आज मी आपणांपुढे मांडणार आहे तो अशाच एका कामाचा इतिहास होय. तो संगणकाच्या जगातला आहे आणि त्याचे वय जेमतेम तीस वर्षांचे आहे. विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल हे मी जाणून आहे. तथापि आज जगातील असंख्य संकेतस्थळे, कचेऱ्यांचे हिशेब आणि शास्त्रीय संस्थांची गणिते ज्या यंत्रांवर चालतात, त्यांतील फार मोठा भाग लिनक्सवर चालतो. म्हणून हा विषय आपल्या उंबरठ्यापासून वाटतो तितका दूर नाही.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. संगणकाच्या आज्ञावल्या कोणालाही वाचता याव्यात, बदलता याव्यात आणि वाटता याव्यात, असा त्यामागचा आग्रह होता. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा जाहीर केला. हे दोन प्रवाह एकत्र आले आणि मुक्तपणे वापरता येईल अशी एक संपूर्ण व्यवस्था हाती आली. पण हाती आली ती सुट्या भागांच्या रूपात. गाभा एकाकडे, अक्षरे उमटवणारी आज्ञावली दुसऱ्याकडे, टपाल वाहणारी तिसऱ्याकडे. हे भाग गोळा करून, एकमेकांशी जुळवून, सामान्य माणसाच्या यंत्रावर नीट बसवून देणे हे वेगळेच काम होते. ते करण्यासाठी १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयान मर्डॉक या पर्ड्यू विद्यापीठातील तरुणाने डेबियन नावाच्या उपक्रमाची घोषणा केली. स्वतःचे नाव आणि आपल्या मैत्रिणीचे डेब्रा हे नाव एकत्र करून त्याने हे नाव बनवले होते. हा उपक्रम कोणा कंपनीचा नव्हता. देशोदेशीचे स्वयंसेवक आपापल्या घरून एकेका आज्ञावलीची जबाबदारी घेत, आणि सर्वांचे मिळून एक घर उभे राही.

या स्वयंसेवकाला नेमके करावे काय लागते, ते पाहू. आज्ञावली माणूस लिहितो ती माणसाला वाचता येईल अशा रूपात. तिला सोर्स कोड म्हणतात. हा कोरडा शिधा समजा. यंत्राला तो तसाच पचत नाही. तो यंत्राच्या भाषेत उतरवावा लागतो. त्यातून निघालेल्या फाइली योग्य त्या जागी ठेवाव्या लागतात. माहितीची पाने, परवान्याचा मजकूर आणि बदलांची नोंद सोबत जोडावी लागते. या आज्ञावलीस दुसऱ्या कोणकोणत्या आज्ञावल्या लागतात याची यादी करावी लागते. आणि हे सर्व एका गठ्ठ्यात बांधावे लागते. त्या गठ्ठ्याला पॅकेज म्हणतात आणि या साऱ्या क्रियेला आपण बांधणी म्हणू. वापरणाऱ्याने एक आज्ञा दिली की तयार गठ्ठा येतो आणि आपल्या जागी बसतो. शिजवण्याची दगदग त्याला पडत नाही.

बांधणी कशी करावयाची हे प्रत्येक पॅकेजमधील ‘रूल्स’ नावाच्या फाइलीत लिहिलेले असते. ती ‘मेक’ या जुन्या अवजाराच्या भाषेत असते. हे अवजार १९७६ साली बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी तयार केले होते. डेबियनच्या पहिल्या वर्षांत ही फाइल प्रत्येकाने हाताने लिहावयाची असा रिवाज होता. नवखा माणूस ‘हॅलो’ नावाचे नमुन्याचे पॅकेज समोर घेई. पडद्यावर अभिवादनाचे एक वाक्य उमटवणे एवढेच त्या आज्ञावलीचे काम. पण तिची बांधणी कित्त्यासारखी नीटनेटकी होती. तिच्यातील ओळी उतरवून घ्यावयाच्या, आपल्या पॅकेजला लागतील तसे फेरफार करावयाचे, आणि पुढे जावयाचे.

उतरवून घेण्यातला धोका आपणांस ठाऊक आहेच. कित्त्यात चूक असेल तर ती सर्वांच्या वहीत जाते. आणि कित्ता सुधारला तरी वह्या सुधारत नाहीत. शिवाय नियम बदलत असत. डेबियनने आपल्या संकेतांचे एक पुस्तक केले होते: कोणती फाइल कोठे ठेवावी, कोणती दाबून लहान करावी, कोणत्या फाइलीला कोणाला हात लावू द्यावा. या पुस्तकातील एक कलम बदलले की शेकडो माणसांनी आपापल्या शेकडो फाइली हाताने बदलावयाच्या. कोणी त्या दिवशी बदली, कोणी वर्षाने, कोणी कधीच नाही. १९९६ च्या जूनमध्ये डेबियनची १.१ ही आवृत्ती निघाली तेव्हा तीत ४७४ पॅकेजे होती. १९९८ च्या जुलैमध्ये २.० ही आवृत्ती आली तेव्हा ही संख्या दीड हजारांच्या वर गेली होती. अशा वाढत्या पसाऱ्यात हाताने उतरवण्याची रीत फार दिवस टिकणे शक्य नव्हते.

प्रथम पुढे आले ते क्रिस्टोफ लामेटर यांचे ‘डेबमेक’. त्यात ‘डेबएसटीडी’ नावाची एक आज्ञा होती. ती दिली की बांधणीची नेहमीची सारी कामे ती एका दमात उरकून टाकी. पुष्कळांचे कष्ट वाचले. पण लवकरच अडचण दिसू लागली. एका दमात सर्व करणारा गडी चांगला, पण त्यातले एखादेच काम आपल्या रीतीने करून हवे असेल तर त्याला मध्ये थांबवता येत नाही. आत काय काय घडते ते बाहेरून कळत नाही, आणि ज्या पॅकेजची गरज थोडी निराळी त्याची पंचाईत होते.

१९९७ साली जोई हेस या तरुण स्वयंसेवकाने याला निराळे उत्तर दिले. त्याने ‘डेबहेल्पर’ नावाचा संच तयार केला. या संचात एक मोठी आज्ञा नव्हती. लहान लहान अनेक आज्ञा होत्या, आणि प्रत्येकीने एकच काम करावयाचे होते. एकीने माहितीची पाने जागी ठेवावी, दुसरीने मोठी पाने दाबून लहान करावी, तिसरीने फाइलींचे अधिकार ठीक करावे, चौथीने यंत्रभाषेतील अनावश्यक मजकूर काढून टाकावा, पाचवीने लागणाऱ्या इतर आज्ञावल्यांची यादी शोधून काढावी, आणि शेवटच्या एकीने गठ्ठा बांधावा. ज्याला जी नको त्याने ती वगळावी. एक साधन एकच काम नीट करील ही युनिक्सची जुनी शिकवण; हेसने ती बांधणीच्या कामाला लावली.

वरवर पाहता ही सोयीची गोष्ट दिसते. परंतु तिच्यामुळे एक मोठा पालट झाला, आणि माझ्या मते तोच या इतिहासाचा गाभा आहे. यापूर्वी संकेत पुस्तकात होते आणि त्यांचे पालन माणसांच्या हातात होते. आता संकेत अवजारात शिरले. पुस्तकातील कलम बदलले की अवजार बदलावयाचे. मग त्या अवजाराने पुन्हा बांधलेले प्रत्येक पॅकेज आपोआप नव्या संकेताप्रमाणे तयार होई.

याचे एक उदाहरण देतो. १९९९ साली डेबियनने फाइलींच्या मांडणीचा एक नवा, सर्व लिनक्सकर्त्यांना समान असा प्रमाणसंकेत स्वीकारला. त्यानुसार सर्व पॅकेजांची माहितीची पाने एका जुन्या जागेवरून नव्या जागी न्यावयाची होती. एका रात्रीत हे होणे अशक्य. म्हणजे कित्येक महिने अर्धी पाने जुन्या जागी आणि अर्धी नव्या जागी, आणि वाचणाऱ्याने दोन्हीकडे शोधावे, अशी स्थिती येणार होती. यावर पुष्कळ वाद झाला आणि प्रकरण डेबियनच्या तांत्रिक समितीपुढे गेले. समितीने तोड काढली: पाने नव्या जागी ठेवावी, पण जुन्या जागी तिकडे बोट दाखवणारा एक दुवा काही काळ राहू द्यावा. हा दुवा पॅकेज बसवताना निर्माण व्हावयाचा आणि काढताना नाहीसा व्हावयाचा. त्यासाठी प्रत्येक पॅकेजात छोटी स्क्रिप्ट घालणे आले. डेबहेल्पर वापरणाऱ्यांना ती लिहावी लागली नाही. अवजारानेच त्यांच्या पॅकेजांत घातली. पुढे स्थलांतर पुरे होत आले तेव्हा दुवा काढून टाकण्याचे कामही याच वाटेने झाले.

पण जी वाट सुधारणेला मोकळी होते ती चुकीलाही मोकळीच असते. अवजाराने घातलेली स्क्रिप्ट पॅकेजाच्या पोटात राहते. उद्या अवजारात दोष सापडला आणि तो दुरुस्त केला, तरी आधी बांधून गेलेली पॅकेजे आपोआप दुरुस्त होत नाहीत. ती पुन्हा बांधावी लागतात. एका ओळीतला दोष हजारो घरांत पोचू शकतो. त्यामुळे अशा अवजाराच्या राखणदाराचे भय दुहेरी असते. बदल केला नाही तर अवजार जुने होऊन निरुपयोगी ठरते. बदल केला तर ज्यांनी जुन्या वागणुकीवर विसंबून आपले काम रचले आहे, त्यांची बांधणी एके सकाळी कोसळते. आणि बिचाऱ्याला कळतही नाही की आपण काहीच केले नसता हे झाले कसे.

या पेचातून डेबहेल्परने जी वाट काढली ती तंत्रज्ञांपुरतीच नाही. संस्था चालवणाऱ्या कोणीही लक्षात ठेवावी अशी आहे. तिला सुसंगतीची पातळी म्हणतात. प्रत्येक पॅकेजाने एक आकडा जाहीर करावयाचा. पूर्वी तो एका स्वतंत्र छोट्या फाइलीत लिहीत. त्या फाइलीत त्या आकड्याखेरीज दुसरे काही नसे. आकड्याचा अर्थ असा की, ‘मी अवजाराशी या पातळीचा करार केला आहे.’ अवजाराची वागणूक बदलावयाची झाली तर राखणदार नवी पातळी काढतो आणि बदल तिच्यात घालतो. जुन्या पातळीवरच्या पॅकेजांना पूर्वीचीच वागणूक मिळत राहते. ज्याला नवी हवी त्याने सवडीने, पाहून-तपासून आकडा वाढवावा. उदाहरणार्थ, २०१६ साली आलेल्या दहाव्या पातळीत बांधणीची कामे शक्य तेथे एकाच वेळी समांतर करण्याची रीत मुळातच लागू झाली. नवव्या पातळीवर ती मागून घ्यावी लागत असे. तेरावी पातळी २०२० साली स्थिर ठरली. फार जुन्या पातळ्या अखेर बंद होतात. पण त्यापूर्वी त्या त्याज्य ठरवून इशारे दिले जातात, कोण कोण अजून त्यांवर आहे ते पाहिले जाते आणि त्यांना सवड दिली जाते. शब्द दिला आहे तो पाळावयाचा, आणि मोडावयाचा झाला तर आधी सांगून मोडावयाचा, असा हा व्यवहार आहे.

यात राखणदाराची किंमत काय, तेही पाहिले पाहिजे. प्रत्येक पातळी म्हणजे अवजाराच्या पोटात एक जुने अवजार जिवंत ठेवणे. बाहेरच्या माणसाला जी स्थिरता दिसते, तिच्या मोबदल्यात आतल्या माणसाला एकाच प्रश्नाची चार-पाच उत्तरे एकाच वेळी सांभाळावी लागतात, आणि त्यांतले कोणते कोणासाठी हे कधी विसरता येत नाही.

मध्यंतरी २००३ च्या सुमारास ‘सीडीबीएस’ नावाची दुसरी एक रचना पुढे आली. तिने बांधणीची नेहमीची कामे समान साच्यांत घालून ठेवली होती. पॅकेज करणाऱ्याने फक्त साचा निवडावा. तिला अनुयायीही पुष्कळ मिळाले. या स्पर्धेचा परिणाम चांगलाच झाला. २००८ साली डेबहेल्परच्या सातव्या आवृत्तीत हेसने ‘डीएच’ ही एक नवी आज्ञा आणली. ती लहान आज्ञांना योग्य क्रमाने स्वतःच हाक मारी. त्यामुळे शंभर ओळींची रूल्स फाइल साध्या पॅकेजात तीन ओळींवर आली. पुढच्याच वर्षी तीत अशी सोय झाली की, क्रमातील एखादीच पायरी आपल्या रीतीने करावयाची असेल तर तेवढीच लिहावी. बाकीचे अवजार पाहून घेईल. डेबमेकचा एक दम आणि डेबहेल्परची सुटी कामे यांचा असा मेळ अकरा वर्षांनी बसला. २०१९ साली डेबियनच्या संकेतपुस्तकातच अशी शिफारस आली की, तसेच सबळ कारण नसेल तर पॅकेजाची बांधणी ‘डीएच’नेच करावी. हाताने बांधण्याचा कित्ता म्हणून ठेवलेले ते हॅलो पॅकेजही पुढे याच रीतीने बांधले जाऊ लागले. आणि डेबहेल्पर स्वतः हेही एक पॅकेजच. तेही डेबहेल्परनेच बांधतात.

२०१४ च्या नोव्हेंबरमध्ये जोई हेस डेबियन सोडून गेला. अठरा वर्षे तो तेथे होता. ते दिवस मोठ्या वादाचे होते, आणि निर्णय घेण्याची संस्थेची जी रीत झाली होती ती त्याला मानवेना. आपण ज्या संस्थेत आलो ती ही नव्हे, अशी त्याची भावना झाली. त्याच्या मताशी आपण सहमत असू वा नसू. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. ज्या अवजारावर हजारो पॅकेजे उभी, त्याचा कर्ता निघून गेल्यावर त्या अवजाराचे काय झाले? काम थांबले नाही. दुसऱ्या स्वयंसेवकांनी ते उचलले. नील्स ट्यूकियर यांनी त्यातला मोठा भार पुढे वर्षानुवर्षे वाहिला, आणि वर सांगितलेल्या दहाव्या व तेराव्या पातळ्या या नव्या हातांखाली आल्या. हे शक्य झाले ते दोन कारणांनी. अवजार उघड्यावर होते. कोणालाही वाचता येईल अशा रीतीने लिहिलेले आणि नोंदींसहित. दुसरे म्हणजे, घेणारे हात तेथे होते.

घेणारे हात नसले किंवा चुकीचे हात पुढे आले तर काय होते, याचे उत्तर २०२४ साली मिळाले. ‘एक्सझेड’ नावाची, फाइली दाबून लहान करणारी एक आज्ञावली आहे. बहुतेक सर्व लिनक्स यंत्रांवर ती असते. तिचा भार अनेक वर्षे मुख्यतः एका माणसाने, फावल्या वेळात आणि विनामोबदला, वाहिला होता. त्याच्याकडे एक अनोळखी मदतनीस आला. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने चोख काम केले. काम वेळेवर होत नाही म्हणून आणखी माणूस घ्यावा असा तगादा इतर काही अनोळखी नावांनी मूळ राखणदारामागे लावला. अखेर या मदतनिसाच्या हाती किल्ल्या आल्या. मग २०२४ च्या फेब्रुवारीत निघालेल्या आवृत्तीत त्याने एक चोरदरवाजा दडवला. तो दडवला कोठे? मूळ आज्ञावलीत उघडपणे नव्हे. बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये, आणि तीही वाटपाच्या गठ्ठ्यातल्या प्रतीत. सार्वजनिक नोंदवहीत ती ओळ नव्हतीच. ती स्क्रिप्ट आधी पाहून घेई की आपण डेबियनच्या किंवा रेडहॅटच्या धर्तीच्या पॅकेजची बांधणी करीत आहोत काय; आणि तसे असेल तरच विष कालवी. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने हे उघडकीस आणले. दूरच्या यंत्रात शिरावयास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढीच गोष्ट त्याला खटकली होती. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तो दोष पोचला नव्हता, म्हणून मोठा अनर्थ टळला.

ज्याने हा कट रचला त्याने एक गोष्ट अचूक हेरली होती. लोक आज्ञावली वाचतात, बांधणीची स्क्रिप्ट वाचत नाहीत. ती कंटाळवाणी असते. ती चालते आहे तोवर तिच्याकडे पाहण्याचे कोणाला कारण पडत नाही. एकट्या राखणदाराचा थकवाही त्याने हेरला होता.

यावर उपाय म्हणून जी कामे चालू आहेत त्यांपैकी एक या घटनेच्या पुष्कळ आधी, २०१३ साली, डेबियनमध्येच नेटाने सुरू झाले होते. त्याचे सूत्र असे: एकच सोर्स कोड दोन निरनिराळ्या ठिकाणी बांधला तर निघणारा गठ्ठा शेवटच्या अक्षरापर्यंत एकसारखा निघाला पाहिजे. मग कोणी मध्ये काही कालवले की फरक दिसेल. ऐकावयास सोपे, पण बांधणीच्या वेळची घटिका, फाइलींचा क्रम अशा क्षुल्लक गोष्टींनी गठ्ठे वेगळे निघत. हे फरक पुसून टाकणारी एक नवी पायरी डेबहेल्परच्या क्रमात जोडली गेली, आणि हजारो पॅकेजांना तिचा लाभ आपसूक मिळाला. या उपायाने एक्सझेडसारखा प्रकार, जेथे गठ्ठ्याच्या आधीच मूळ सामग्री बिघडवलेली असते, तो पकडला जातोच असे नाही. त्यासाठी वाचणारे डोळेच लागतात. तरी चोराची एक वाट बंद झाली, हेही थोडे नाही.

या कथेशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. डेबियन यंत्रावर बसवण्याचा कार्यक्रम मराठीतून चालवता येतो. देवनागरी अक्षरे पडद्यावर उमटवणारा ‘लोहित’ हा टंक तेथे पॅकेज होऊनच येतो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये डेबियनची जागतिक परिषद आपल्याच देशात, कोचीला भरली होती. म्हणजे ही अवजारे परक्यांची आणि आपण नुसते घेणारे, अशी विभागणी आता उरलेली नाही. राखणदारी करावयाची तर तिची दारे आपल्या मुलामुलींनाही उघडी आहेत.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये निघालेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत ६९,८३० पॅकेजे आहेत. ४७४ पासून येथवरची ही वाट हाताने उतरवलेल्या ओळींवर चालता आली नसती. ती चालता आली, कारण काही माणसांनी सर्वांचे नेहमीचे काम एका जागी आणले आणि मग ती जागा न कंटाळता झाडून-पुसून ठेवली. यातून तात्पर्य काढावयाचे तर मी एवढेच काढीन की, सामायिक वस्तूची राखण ही एका माणसाच्या चांगुलपणावर सोडून देऊ नये. तिच्यासाठी दुसरा माणूस वेळीच तयार करावा. तिच्या नोंदी उघड्या ठेवाव्या. दिलेले शब्द पाळावे. आणि जे काम कंटाळवाणे म्हणून कोणी पाहत नाही ते अधूनमधून मुद्दाम पाहावे. हे संगणकाच्या स्क्रिप्टला लागू आहे, तसेच गावच्या वाचनालयाला आणि या व्याख्यानमालेलाही लागू आहे.